तिनं स्वतः कबूल केलं

गुदैबिया, बहरीन
९ जुलै १९९५

प्रिय उल्का,

तुझं पत्र मिळालं आणि मी एकटीच खुर्चीत बसून हसले. व्हिएन्नाला जाऊन, जर्मन शिकून, जयप्रकाशरावांचे डबे भरून शेवटी थिसिसला विषय कोणता घेतलास, तर युरोपातल्या सरकारांनी वेश्यांचा आणि गुप्तरोगांचा बंदोबस्त कसा केला! सासूबाईंना काय सांगितलंस? ‘युरोपचा इतिहास’ एवढंच ना? रत्नागिरीला आपण एका खोलीत राहत होतो तेव्हा माझं नर्सिंगचं पुस्तक उघडं दिसलं तरी तू नाक मुरडायचीस. आता तूच मला विचारतेस की तुमच्या दवाखान्यात रक्ताची तपासणी कशी होते.

ऐक तर. इथं कामाला येणाऱ्या प्रत्येकाची मेडिकल होते. छातीचा फोटो, लघवी, रक्त. रक्तात कावीळ बघतात, एड्स बघतात, आणि व्हीडीआरएल करतात, म्हणजे तुझ्या विषयातला उपदंश. सुई मी टोचते. डॉक्टरसाहेब सुदानचे आहेत, भला माणूस, पण त्यांना अरबी आणि इंग्रजी येतं. आपल्याकडची माणसं आली की विचारपूस मीच करते आणि इंग्रजीत सांगते. ‘सिस्टर हलिमा असली की माझं काम अर्धं होतं,’ असं ते सगळ्यांना सांगतात. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात एक वाईट झालं. अकीला म्हणून मुलगी आहे, आपल्या गुहागरकडची, चोवीस वर्षांची. तिचा नवरा नजीब इथल्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात सहा वर्षं फिटर आहे. तिला इथल्या एका बालवाडीत आयाचं काम मिळालं आणि लग्नानंतर तीन वर्षांनी दोघं एकत्र राहायला लागली. मेडिकलमध्ये तिचं व्हीडीआरएल निघालं. फार जोरदार नाही, पण निघालं. डॉक्टरांनी मला पूर्वीचं विचारायला सांगितलं. मी पडद्याआड नेऊन नीट, हळू विचारलं, आणि तिनं स्वतः कबूल केलं. मग काय, फॉर्मवर ‘अनफिट’चा शिक्का. २४ ऑगस्टच्या आत तिला परत जावं लागेल.

मुलगी दिसते इतकी साधी की काही कळत नाही. असो. तुझ्या थिसिसला एक ओळ मिळाली.

तुझी हलिमा

•

व्हिएन्ना
२२ जुलै १९९५

प्रिय हलिमा,

सासूबाईंना मी ‘सार्वजनिक आरोग्य’ असं सांगितलंय. त्यांना वाटतं मी गटारांवर लिहितेय. तसं ते फारसं चूक नाही, कारण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये गटारं आणि बायका या दोन्हींविषयी जवळजवळ एकाच भाषेत लिहिलेलं सापडतं. दोन्ही हव्यात, दोन्ही झाकून हव्यात, दोन्हींची पाहणी वेळच्या वेळी हवी. पोलिसांकडे वही असायची. बाईचं नाव एकदा वहीत चढलं की ठरल्या दिवशी डॉक्टरपुढे जायचं, आजारी निघाली की कोंडून उपचार. नाव चढणं सोपं, उतरवणं महाकठीण. आणि तिच्याकडे येणाऱ्या पुरुषांची वही? ती मी तीन महिने शोधतेय. ती कुणी घातलीच नव्हती.

तुला वाटेल ही जुनी गोष्ट झाली. मागच्या मंगळवारी मी इथल्या आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले होते. धंद्याची नोंद केलेल्या बायकांना आजही इथं दर आठवड्याला तपासून घ्यावं लागतं आणि पुस्तिकेत शिक्का मारून घ्यावा लागतो. बाकावर सहाजणी बसल्या होत्या. एक स्वेटर विणत होती. मला बघून ती म्हणाली, ‘नवीन आहेस का? तो शेवटचा दरवाजा.’ मी घाईघाईनं सांगितलं की मी विद्यार्थिनी आहे. नंतर दिवसभर माझीच मला लाज वाटत राहिली, इतकी घाई कशाला केली म्हणून.

सगळ्यांनी असंच केलं असं नाही. डेन्मार्कनं १९०६ साली ही नोंदणीची पद्धतच मोडली आणि स्वीडननं १९१८ मध्ये. त्यांनी म्हटलं, रोग झालेला प्रत्येक जण, बाई असो वा बुवा, उपचार घेईल, आणि उपचार फुकट असतील. सक्ती तिथंही होती, पण निदान सक्तीनं बाई-पुरुष बघितलं नाही.

तुझ्या अकीलाची हकिकत मी आमच्या सेमिनारमध्ये सांगितली. सगळे गप्प झाले. प्राध्यापकबाई म्हणाल्या, हे प्रकरणाच्या सुरुवातीलाच घाल. मला एक सांग, हलिमा, नजीबचं रक्त कुणी बघितलं का? आणि एका इंजेक्शनच्या कोर्सनं बरा होणारा आजार असताना तिला घरी का पाठवतात?

उन्हाळ्यात सब्जा पीत जा. आपल्या रत्नागिरीच्या मेसमधल्या मावशींची आठवण ठेव.

तुझी उल्का

•

गुदैबिया
३ ऑगस्ट १९९५

उल्का,

‘प्रिय’ लिहिणार नव्हते आणि लिहिलेलं नाही.

मी तुला मैत्रीण म्हणून लिहिलं आणि तू वर्गात वाचून दाखवलंस. तिचं नावही घेतलंस का? तिकडे सगळे गप्प झाले म्हणतेस. इकडे कुणी गप्प नाही. नजीबच्या खोलीत आणखी दोन कुटुंबं राहतात, भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. ‘हे कुठून आणलंस?’ एवढा एकच प्रश्न तो तिला विचारतो. तिला काय विचारतोय तेच कळत नाही असं ती मला म्हणाली. मला वाटलं, नाटक करतेय. आता ती त्याच्या मावसबहिणीकडे सनाबिसला राहते. तिकडे सध्या दंगली चालल्यात, रस्ते अधूनमधून बंद असतात, तरी ती दोन वेळा दवाखान्यात येऊन बाकावर बसून गेली. मला बघते आणि उठून जाते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. नजीबचं रक्त सहा वर्षांपूर्वी तो आला तेव्हा घेतलं होतं, वहीत ‘फिट’ आहे. त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही, बोलवायची पद्धत नाही. परत का पाठवतात? नियम आहे म्हणून. नियम मी केलेला नाही.

आणि तू तपासणीलाच नावं ठेवू नकोस. तुझ्या पुस्तकात पोलीस आहेत, बायका आहेत, खासदार आहेत. बाळं नाहीत. मिशनच्या दवाखान्यात मी शिकत होते तेव्हा अंगभर फोड घेऊन जन्मलेलं बाळ मी या हातांवर घेतलंय. म्हाताऱ्यासारखा चेहरा होता त्याचा. आईचं रक्त कुणी वेळेवर घेतलं असतं, एक सुई टोचली असती, तर ते जगलं असतं. त्या दिवशी मी ठरवलं की सुई धरायला लाजायचं नाही आणि विचारायलाही लाजायचं नाही. बायका ‘उपदंश’ म्हटलं की तोंडाकडे बघतात, ‘सिफिलिस’ म्हटलं की आणखीच बघतात. म्हणून मी त्यांच्या शब्दांत, त्यांना समजेल असं विचारते. अकीलालाही तसंच विचारलं. ती लगेच हो म्हणाली, लहानपणापासून आहे म्हणाली, आईलाही आहे म्हणाली. म्हणजे जन्मतःच आलेला, त्यात तिचा दोष काहीच नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनीही हळहळून लिहून घेतलं. नजीबलाही मीच समजावलं की हे आईकडून आलंय. त्यानं ते ऐकून घेतलं आणि घरी पत्र लिहून मोकळा झाला. आता त्याच्या आईनं, झोहराबाईंनी, अकीलाची कपड्यांची पेटी तिच्या माहेरी पोचती केलीय.

मी चांगलंच करायला गेले होते.

हलिमा

•

व्हिएन्ना
१२ ऑगस्ट १९९५

प्रिय हलिमा,

नाव घेतलं होतं. तुला खोटं सांगू शकले असते, पण घेतलं होतं. पॅरिसच्या पोलिसांच्या वहीवर मी पन्नास पानं खरडली आणि माझ्या स्वतःच्या वहीत एका मुलीचं नाव तिला न विचारता चढवलं. कालच ते पान फाडलं. प्राध्यापकबाईंना सांगितलं की ही हकिकत माझी नाही. मला माफ कर, आणि बाळाबद्दल तू म्हणालीस ते बरोबर आहे. माझ्या टिपणांत एकही बाळ नव्हतं.

आता नीट बस आणि पुढचं वाच. तुझं पत्र मी चार वेळा वाचलंय.

इंग्लंडमध्ये १८६० नंतरची वीसेक वर्षं लष्करी छावण्या आणि बंदरांच्या गावांत एक कायदा होता. साध्या वेशातल्या पोलिसाला संशय आला की त्या बाईला तपासणीला जावं लागायचं. कोर्टकचेरी नको म्हणून एक कागद छापलेला असायचा, ‘मी स्वखुशीनं तपासणीला तयार आहे’ असा. बायका त्यावर फुली मारायच्या. पुढं या कायद्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, चौकशा झाल्या, तेव्हा हे बाहेर आलं की आपण कशावर फुली मारली ते कितीतरी जणींना माहीतच नव्हतं. पोलीस म्हणत होते, जबरदस्ती नाही, तिनं स्वतः मान्य केलंय. कागद दाखवत होते. कागदावर सगळं बिनचूक होतं.

हे वाचताना मला तुझं पहिलं पत्र आठवलं. ‘तिनं स्वतः कबूल केलं.’

हलिमा, तू तिला कोणत्या शब्दात विचारलंस?

मी सांगते. तू ‘गरमी’ म्हणालीस. मिशनच्या दवाखान्यात येणारे रोगी खालच्या आवाजात तोच शब्द वापरायचे, तूच मला सांगितलं होतंस. जुन्या कोशात उपदंशाला तोच शब्द आहे. पण आठव, दुसऱ्या वर्षाला परीक्षेच्या आधी तुझं तोंड आलं होतं, पाणी गिळवत नव्हतं. मेसच्या मावशी सगळ्या मुलींसमोर ओरडल्या होत्या, ‘पोरीला गरमी झालीय, सब्जा भिजवा गं!’ तू नुकतीच उपदंशाचा धडा शिकली होतीस. कानापर्यंत लाल झालीस आणि दोन दिवस मेसमध्ये आली नाहीस. मी पोट धरून हसले होते.

‘लहानपणापासून आहे. आईलाही आहे.’ आता हे पुन्हा वाच, मावशींच्या शब्दाचा अर्थ लावून.

मी चुकत असेन तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण २४ तारखेच्या आत तिला परत विचार. टपालाला उशीर होऊ नये म्हणून जयप्रकाशना आत्ताच एक्स्प्रेसनं टाकायला पाठवतेय.

उल्का

•

गुदैबिया
३० ऑगस्ट १९९५

प्रिय उल्का,

तुझं पत्र १९ तारखेला आलं. मी ते औषधांच्या कपाटापाशी उभी राहून वाचलं.

तशीच टॅक्सी करून सनाबिसला गेले. अकीला तांदूळ निवडत होती. मी विचारलं, ‘बाय, तुला लहानपणापासना गरमी होते म्हणालीस, म्हणजे काय होतं?’ तिनं माझ्याकडे असं बघितलं की हिला ऊन लागलं की काय. म्हणाली, ‘तोंड येतं ना. मे महिन्यात तर इचारूच नको, भाकर खाववत नाय. आयेचंपण तसंच. आंबं खाल्लं की दोघींचं येतं.’ आणि मग मला खुर्ची देत म्हणाली, ‘तू त्या दिवशी इतक्या मायेनं इचारलंस, मना वाटलं, इथं गरम हाय म्हणून इचारते.’

उल्का, जुलै महिना, बहरीन, बाहेर पंचेचाळीस डिग्री. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण, पंजाबी, मल्याळी, दाराशी बसणारा गणपत, सगळे दिवसभर ‘गरमी, गरमी’ करत असतात. त्या शब्दाला उपदंश समजणारी त्या इमारतीत मी एकटी होते. मला माझ्या शिक्षणाचा, माझ्या मराठीचा, पडद्याआड हळू बोलण्याचा केवढा अभिमान! त्या वेळी मी तिला ‘म्हणजे काय होतं?’ एवढे तीन शब्द विचारले असते तरी पुरे होतं.

तिला मी तिथंच सगळं सांगितलं. कोणता रोग, कसा होतो, मी काय समजले, काय लिहिलं गेलं. तिनं तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, ‘म्हंजे दीड महिना ते मना ह्ये इचारत होते?’ तिला तोवर खरंच कळलं नव्हतं. नजीबचा राग कशाबद्दल आहे ते तिला त्या दिवशी माझ्याकडून कळलं. ती रडली नाही, मीच रडले.

डॉक्टरांकडे गेले. त्यांचा हात पेनावरच थांबला. म्हणाले, ‘सिस्टर, पूर्वेतिहास नसता तर मी दुसरी टेस्ट मागवली असती. इतकं कमी व्हीडीआरएल खोटंही निघतं.’ म्हणजे माझ्या एका वाक्यानं ती टेस्ट थांबली होती. मी लेखी दिलं, माझ्या नावानं, माझ्या सहीनं: भाषांतराची चूक माझी आहे. मॅनेजरनी वाचून विचारलं, ‘याचा परिणाम कळतो ना?’ मी म्हटलं, कळतो. तारीख पुढं ढकलली, नवीन रक्त मोठ्या लॅबला गेलं. पक्की टेस्ट निगेटिव्ह आली, व्हीडीआरएलही आता निघालं नाही. गावाहून निघायच्या दोन महिने आधी तिला हिवताप झाला होता, कदाचित त्यानं झालं असेल, असं डॉक्टर म्हणाले. शिक्का खोडला, नवीन मारला.

विचारपुशीचं काम माझ्याकडून काढलंय. फक्त सुई टोचायची, बोलायचं नाही. नोकरीवरून काढल्याचा कागद येईल की नाही ते अजून ठरलेलं नाही.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. नवीन रिपोर्ट घ्यायला ती नजीबबरोबर आली. त्यानं हात पुढं केला, तिनं तो कागद त्याला दिला नाही. मला म्हणाली, ‘आता यांचंपण रक्त घे. सहा वरसं झाली.’ दवाखान्यात गर्दी होती. नजीब भिंतीकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, निघून जाणार. मग त्यानं बाही दुमडली. मी टोचलं. डॉक्टरांनी नव्या दुभाष्याकडून त्याला विचारलं, तीन भाषांत, चार शब्दांत, समजलं का असं दोनदा. तो घामाघूम झाला. रिपोर्ट बंद पाकिटात त्याच्या हातात दिला, तो त्यानं न उघडता तिच्या हातात ठेवला. साफ होता. ती एवढंच म्हणाली, ‘आता चला.’

इथलं मिटलं. पण त्याचं पत्र गावात पोचलंय आणि पेटी माहेरीच आहे. मी काय करू ते कळव.

तुझी हलिमा

•

व्हिएन्ना
९ सप्टेंबर १९९५

प्रिय हलिमा,

मॅनेजरसमोर तू ‘कळतो’ म्हणालीस तिथं मी पत्र खाली ठेवलं आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मला तुझा अभिमान वाटतो, हे सरळच लिहिते. चौकशी समित्यांचे शेकडो जबाब मी वाचलेत. ‘चूक माझी’ असं लिहून देणारा एकही डॉक्टर, पोलीस किंवा दुभाषी मला अजून भेटलेला नाही.

काय करू म्हणून विचारतेस. नजीबनं लिहिलंय तिथंच तू लिही. त्याची आई वाचू शकते का? नसेल तर पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं असणार, आणि ओटीवर काय फक्त झोहराबाई एकट्या बसल्या नसणार. जो शब्द तिथं पडलाय तो उचलायला तुझं पत्रही तिथंच वाचलं जायला हवं. फक्त सिस्टरसारखं लिहू नकोस. मावशींसारखं लिही.

तुझी उल्का

•

गुदैबिया
१८ सप्टेंबर १९९५

(उल्का, ही नक्कल तुझ्यासाठी. मूळ पत्र आज टाकलं.)

झोहराखाला यांना गुदैबियाहून हलिमाचा सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे. तुमच्या सुनेचं, अकीलाचं, रक्त मीच घेतलं होतं. हे पत्र तुम्हाला जो कोणी वाचून दाखवत असेल, त्याला माझी विनंती आहे की त्यानं आवाज खाली करू नये. नजीबचं पत्र ज्या आवाजात वाचलं, त्याच आवाजात हेही वाचावं, आणि तेव्हा जे बसले होते त्यांना बोलावून घ्यावं.

अकीलाला कसलाही वाईट आजार नाही. कधीच नव्हता. तिच्या आईला, आमिनाबाईंनाही, तो नाही. मी अकीलाला विचारलं, तुला गरमी झाली होती का? ती हो म्हणाली. आपल्याकडे कुठलीही मुलगी हो म्हणेल. तुम्हीही म्हणाल. तिच्या मनात तोंड येण्याची गरमी होती. माझ्या डोक्यात पुस्तकातली होती. मी शिकलेली, म्हणून माझंच खरं धरलं गेलं. नजीबनं तुम्हाला जे लिहिलं ते माझ्याच तोंडून ऐकून लिहिलं. त्याला बोल लावायचा तर थोडा लावा, बाकीचा मला लावा. रक्त पुन्हा मोठ्या लॅबमध्ये तपासलंय. नजीबचंही तपासलंय. दोघं एकत्र आहेत आणि खुशाल आहेत. अकीला परवापासून बालवाडीत कामावर जाते.

आता माझं मागणं. अकीलाची पेटी तुम्ही माहेरी पोचती केलीत. ती आणायला माणूस पाठवू नका, खाला, तुम्ही स्वतः जा. भर दिवसा जा, लोक उठलेले असताना. आमिनाबाई दीड महिना घराबाहेर पडलेल्या नाहीत असं अकीलाला कळलंय. त्यांच्याकडे बसा, आणि ज्यांना ऐकायचंय त्यांना ऐकू जाईल असं विचारा की बाय, तुझं तोंड येतं तेव्हा सब्जा किती वेळ भिजवतेस? त्या सांगतील. मग पेटी उचला आणि घरी घेऊन या.

चूक केलेली,
हलिमा